पीटीओ फिरेना, की लगेच क्लच प्लेटच गेली?

पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमागचा अवजार फिरवणारा शाफ्ट, थांबला रे थांबला, की वाक्य ठरलेलं: "क्लच प्लेट गेली, ट्रॅक्टर खोलावा लागेल." अहो, आधी बघा तरी! बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरला सीटखाली सेफ्टी स्विच असतो. त्याची नुसती वायर सैल झाली तरी पीटीओ लावताच इंजिन बंद पडतं. फ्यूज पाहिला? सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर पीटीओ जोडणाऱ्या भागाला, करंट येतोय? हायड्रॉलिक क्लच असेल तर तेल किती आहे? फिल्टर शेवटचा कधी बदलला? एकाचंही उत्तर नाही, पण हातात पाना तयार!

शाफ्ट फिरतोय आणि रोटाव्हेटर जागचा हलत नाही, तेव्हा दोष ट्रॅक्टरचा कसा? बहुधा शिअर बोल्ट तुटलाय. तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो, गिअरबॉक्स वाचावा म्हणून! तिथे हाताला लागेल तो कडक बोल्ट ठोकणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. पुढच्या दगडाला बोल्ट शाबूत राहतो आणि आतले गिअर फुटतात. मग रडायचं कुणापुढे?

पण खरा संताप येतो तो इंजिन चालू ठेवून शाफ्टपाशी वाकणाऱ्यांचा. पीटीओचे 540 आरपीएम म्हणजे मिनिटाला 540, सेकंदाला 9 फेरे. बाही अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं गार्ड काढून कोपऱ्यात फेकलेलं, अंगात सैल सदरा, आणि वर "काही होत नाही." इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायला असा किती वेळ लागतो हो?