१९३० सालची जीप आणि इतर थापा

‘सोलापूर पोलिसांच्या गाड्यांचा थक्क करणारा इतिहास’ नावाचा लांबलचक मेसेज सध्या सोलापुरातल्या प्रत्येक गटात फिरतोय. वर तिरंगा, मध्ये जुन्या जीपचा फोटो, खाली हात जोडलेले आणि शेवटी ‘खरा सोलापूरकर असाल तर पुढे पाठवाच’. ज्यांना आला नाही ते सुखी. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: १९३० च्या मार्शल लॉमध्ये, म्हणजे लष्करी अंमलात, इंग्रजांनी देशातली पहिली पोलीस जीप सोलापुरात आणली. बुलेट मोटारसायकल सोलापूर पोलिसांच्या मागणीवरून जन्माला आली. पोलिसांच्या गाडीला विमा नसतो, म्हणून तिने धडक दिली तर भरपाई मागता येत नाही. पंधरा वर्षं झालेल्या पोलीस बोलेरो वीस हजारांत मिळतायत, लिंकवर नाव नोंदवा. आणि २०१७ पासून पोलिसांनाही गाडीवर दिवा लावायला बंदी आहे, तेव्हा त्यांना वाट देऊ नका.

माझ्या भाच्याने यातला फोटो शाळेच्या प्रकल्पात चिकटवला. तेवढ्यावर मी लिहायला बसले नसते. पण आमच्या आत्याने यातला विम्याचा परिच्छेद कायदा समजून एका बाईला सांगितला, आणि ती बाई दावा करायचा सोडून घरी बसली. मी कोर्टाच्या आवारात टायपिंग करते. अपघाताच्या दाव्याचे अर्ज टाइप करण्यातच माझी हयात चाललीय. आता लिहिणं भाग आहे.

आधी तो फोटो, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. अहो, १९३० साली जगात जीप नावाची वस्तूच नव्हती! अमेरिकेच्या सैन्याला चारही चाकं ओढणारी हलकी गाडी हवी होती, म्हणून त्यांनी १९४० साली कंपन्यांकडून नमुने मागवले. त्यातून १९४१ मध्ये विलीज या अमेरिकन कंपनीची जीप आली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. आपल्याकडे महिंद्रांनी त्या जोडायला सुरुवात केली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. फौजदाराची जीप म्हणून आपल्या मागच्या पिढीने जी पाहिली ती ही, स्वातंत्र्यानंतरची. १९३० मध्ये सोलापुरात जीप फिरवायची तर इंग्रजांना ती अकरा वर्षं पुढे जाऊन आणावी लागली असती.

एवढ्याने ज्यांचं समाधान होत नसेल त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून नंबर प्लेट वाचावी. एमएच १३. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. राज्याची दोन अक्षरं आणि मग आरटीओचा आकडा ही पद्धत आली १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांबरोबर. म्हणजे मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या साहेबाने साठेक वर्षं आधीच सोलापूर आरटीओचा नंबर मिळवला म्हणायचा. एजंट कोण होता तेवढं कळवा, आमच्याकडे पुष्कळांची कामं अडलीत.

मला खरा राग आहे तो वेगळाच. मे १९३० मध्ये सोलापुरात जे घडलं त्याला असल्या फोडणीची गरजच काय? ५ मेला गांधीजींना अटक झाली. ८ मेला शिंदीची झाडं तोडण्यावरून धरपकड झाली, जमाव जमला, पोलिसांनी गोळीबार केला, लोकांनी मंगळवार पेठेची चौकी जाळली. १२ मेपासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ होता. तिरंगा हातात धरला म्हणून माणसं तुरुंगात गेली. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. या चौघांचे पुतळे असलेल्या चार पुतळा चौकातून रोज जाणाऱ्या शहराला हे ठाऊक असतं. त्या प्रकरणात पोलिसांच्या गाडीला मानाचं पान द्यायचं कुणाला सुचावं? ती चौकी का जळली हे तरी मेसेज लिहिणाऱ्याने विचारून घ्यायचं होतं. शिवाय तो ‘सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाची पहिली जीप’ लिहितो. आयुक्तालय आलं नव्वदच्या दशकात. त्याआधी शहरसुद्धा जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे होतं, आजही ग्रामीण पोलीस वेगळे आणि शहर पोलीस वेगळे.

बुलेटचं लवकर आटोपते. बुलेट हे नाव इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचं. भारत सरकारने पन्नाशीच्या दशकात सैन्यासाठी आणि पोलिसांसाठी ती पसंत केली, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पोलिसांमुळे बुलेट भारतात रुजली एवढं खरं, हे मान्य करते. त्यात सोलापूरचा वेगळा हात नाही. नंतरचा क्रम तर चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही पाठ असेल: जीप, मग १९८५ च्या अखेरीला आलेली जिप्सी, १९९४ ची सुमो, २००० ची बोलेरो, आणि अलीकडे ११२ लिहिलेल्या गाड्या. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत होम मैदानाच्या कडेला यातल्या जवळजवळ सगळ्या आपण उभ्या पाहिल्यात. हाच क्रम अख्ख्या महाराष्ट्राचा आहे, त्यात थक्क होण्यासारखं काही नाही.

आता विम्याचा परिच्छेद. मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं असं: ‘सरकारी गाडीला विमा लागत नाही, म्हणून पोलीस किंवा सरकारी गाडीने उडवलं तर एक रुपया मिळत नाही, कोर्टात जाऊन वेळ घालवू नका.’

पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच दुसरा अर्धा लोकांच्या घशाखाली उतरतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा, म्हणजे गाडीने दुसऱ्या कुणाचं नुकसान केलं तर त्यासाठीचा विमा, सक्तीचा, पण केंद्र किंवा राज्य सरकारच्या मालकीची गाडी व्यापारी कामाशी संबंध नसलेल्या वापरात असेल तर तिला या सक्तीतून सूट. ठीक. सूट कशातून? विमा काढण्यातून. भरपाई देण्यातून नव्हे. सरकारचा खिसा मोठा, विमा कंपनी मध्ये नसली तरी ते स्वतः भरू शकतं, असा त्यामागचा हिशोब. विमा नाही म्हणजे देणारा नाही, हा अर्थ मेसेजवाल्याच्या डोक्यातून निघालेला.

यावर एकच निकाल सांगते, तो पुरे. राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती, सर्वोच्च न्यायालय, १९६२. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या कामासाठी ठेवलेली सरकारी जीप. फेब्रुवारी १९५२ मध्ये चालक ती वर्कशॉपमधून दुरुस्त करून परत आणत होता. फूटपाथवरून चालणाऱ्या माणसाला तिची धडक बसली आणि काही दिवसांनी तो दवाखान्यात वारला. मागे विधवा आणि लहान मुलगी. खालच्या कोर्टाने सरकारला मोकळं सोडलं. उच्च न्यायालयाने पंधरा हजार रुपये द्यायला लावले. राज्य सरकार दिल्लीपर्यंत भांडत गेलं आणि तिथे हरलं. नोकराच्या निष्काळजीपणाला जसा खासगी मालक जबाबदार, तसंच सरकार जबाबदार, असं न्यायालयाने सांगितलं. त्या काळचे पंधरा हजार म्हणजे किती, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आमचे वकीलसाहेब लगेच आठवण करून देतील की १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात सरकारच्या बाजूने निकाल लागला. लागला, पण तो पोलिसांच्या ताब्यातून गेलेल्या सोन्याचा होता, गाडीच्या अपघाताचा नव्हे. सरकारी वकील अजून तो काढतात. काढू देत.

शिवाय १९६२ नंतर कायदाही पुढे गेलाय. कलम १६४ प्रमाणे चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात, आणि ते कुणी द्यायचे? गाडीचा मालक किंवा विमा कंपनी. मालक हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. सरकारी गाडीचा मालक सरकार. जास्तीची भरपाई हवी तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

आता त्या बाईचं. आत्याच्या गल्लीत राहते, विड्या वळते. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात मजुरीला गेला होता, तिथे एका सरकारी खात्याच्या जीपने त्याला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. आत्याने तिला मेसेज वाचून दाखवला, ‘अगं सरकारी गाडी ती, वकिलाच्या नादाला लागून असलेलंही घालवशील’. आत्याचा हेतू चांगलाच होता, त्यात शंका नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने १६६ च्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातलीय. ‘कोर्टात वेळ घालवू नका’ हा सल्ला ऐकून माणूस गप्प बसतो आणि मुदत निघून जाते. उशीर माफ होईल की नाही यावर मग वेगळं भांडण. जीपचा खोटा फोटो पाहून फार तर भाच्याचे गुण जातील. या परिच्छेदाने घरात येणारा पैसा जातो. आत्याला मी म्हटलं, पुढच्या वेळी पाठवायच्या आधी मला फोन कर. ती म्हणाली, ‘इतक्या लोकांनी पाठवलंय, सगळे येडे हाईत काय?’ त्या बाईचा अर्ज मी टाइप करून दिलाय. एफआयआरची नक्कल, दवाखान्याचे कागद, गाडीचा नंबर, आणि प्रतिवादी म्हणून गाडीचा मालक असलेलं राज्य सरकार.

बोलेरोच्या लिलावातही असाच अर्धा दाणा खरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, तिचं नूतनीकरण होत नाही. कायदा-सुव्यवस्थेच्या कामातल्या चिलखती आणि तशा खास गाड्यांना त्यातून सूट आहे. साध्या गाड्या खरोखरच निघतायत. पण निघून जातात कुठे? नोंदणीकृत भंगार केंद्रात, तोडायला. ज्या गाडीची नोंदणीच संपली ती तुमच्या नावावर कोणता आरटीओ करून देणार? वीस हजारांत बोलेरो देणारी लिंक ही तुमचं खातं रिकामं करायची लिंक आहे. पैसे गेलेच असतील तर १९३० ला फोन करा. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर तो आहे, मार्शल लॉशी त्याचा संबंध नाही.

राहिला दिवा. १ मे २०१७ पासून लाल दिवे उतरले ते मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे. तातडीच्या कामावरच्या पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकांना दिवा चालतो, लाल-निळा-पांढरा जो दिसतो तो त्यासाठीच. वाट न देण्याचा सल्ला तर सरळ खिशाला कात्री लावणारा आहे, कारण कलम १९४ ई खाली रुग्णवाहिका, अग्निशमन किंवा सरकारने ठरवलेल्या तातडीच्या वाहनाला अडवलं तर दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सात रस्ता चौकात सायरन मागून आला की मेसेज आठवत बसू नका, गाडी डावीकडे घ्या.