एका केबलीचे दोन कारभारी

गिटारच्या आवाजावर इफेक्ट चढवणारा गिटार प्रोसेसर, आवाज संगणकात नेणाऱ्या ऑडिओ इंटरफेसला जोडायला पाच सेकंद लागतात. संध्याकाळ जाते ती आवाज यायला. दोघेही कर्ते, आणि एकच काम दोघांनाही येतं. म्हणून ते दोघेही करतात.

इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' असं बटण असतं. गळ्यात गिटार आहे म्हणून मी ते इमानेइतबारे दाबतो. पण ते बटण थेट गिटारसाठी. तारांखालच्या पिकअपचा सिग्नल अशक्त, त्याच्यावर भार पडू नये म्हणून तिथे इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १ मेगाओमच्या आसपास ठेवलेला असतो. प्रोसेसरमधून निघालेला सिग्नल खाऊनपिऊन सुदृढ असतो. त्याला 'लाइन' द्यावी, गेन शून्यापासून वाढवावा आणि जोरात वाजवलं तरी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबवावा. २४ बिटला तेवढं रग्गड. गेन कमी करूनही आवाज फाटत असेल, तर तो आधीच प्रोसेसरमध्ये फाटलाय. पॅचची (प्रोसेसरमध्ये निवडलेल्या आवाजाच्या सेटिंगची) लेव्हल उतरवा. इंटरफेसला बोल लावू नये.

खरी फसगत प्रोसेसरच्या हेडफोनच्या भोकातून इंटरफेसला केबल नेण्याची. जॅकवर एक काळी पट्टी म्हणजे टीएस (टोक आणि दांडा), दोन म्हणजे टीआरएस (टोक, कडं आणि दांडा). हेडफोनच्या टीआरएसमध्ये टोकावर डावा आवाज आणि कड्यावर उजवा. इंटरफेसचं बॅलन्स्ड इनपुट टोकातून कडं वजा करतं. केबलीत शिरलेली खरखर या वजाबाकीनेच जाते. इथे मात्र दोन्हीकडे सारखी असलेली गिटारच वजा होते आणि उरतो स्टिरिओ रिव्हर्ब. वाजवणारा गेला, घुमट राहिला! म्हणून मुख्य आउटपुटच वापरावं. मोनोसाठी बहुतेक प्रोसेसरांत 'लेफ्ट/मोनो'मधली एक केबल पुरते. स्टिरिओला दोन केबली, दोन इनपुट, आणि ट्रॅक पार डावी-उजवीकडे सारलेले. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलीने जोडत असाल तर आधी इंटरफेसचे ४८ व्होल्ट (माइकला वीज देणारी फँटम पॉवर) बंद करा.

कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकर-पेटीची नक्कल) बंद राहिलं तर डिस्टॉर्शन डब्यात कोंडलेल्या माश्यांसारखं वाजतं. प्रोसेसरमध्येही चालू आणि संगणकातल्या प्लगइनमध्येही चालू, तर गिटार गोधडीत तोंड खुपसून बोलते. कुणा एकालाच सांगावं.

प्रोसेसर आणि इंटरफेस दोघांनाही यूएसबीने संगणकाला जोडण्याचा मोह आवरावा. विंडोजवर एएसआयओ हा ऑडिओ ड्रायव्हर बहुधा एका वेळी एकाच यंत्राचं ऐकतो. शिवाय ऑडिओ केबल आणि यूएसबी मिळून अर्थिंगचा फेरा पूर्ण होतो आणि गुणगुण सुरू होते. प्रोसेसरची यूएसबी काढून बघा, बरेचदा तेवढ्यानेच ती गप्प होते.

इतकं सगळं जमल्यावर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो. मी एकेक करत प्रोसेसरमधले कोरस आणि डिले बंद करतो. जोडसूर जागचा हलत नाही. तो असतो इंटरफेसच्या 'डायरेक्ट मॉनिटर'चा आणि सॉफ्टवेअरच्या मॉनिटरिंगचा: एक आवाज लगेच येतो, दुसरा संगणकाचा बफर (आवाज क्षणभर साठवणारी जागा) ओलांडून, काही मिलिसेकंद उशिरा. सॉफ्टवेअरमधलं बंद करावं. कोरस मात्र आता पुन्हा चालू करावे लागतात, आणि सेव्ह केलेले नसतात.