मिरची-रोप संचाबद्दलच्या आपल्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या घरातल्या घरात मिरचीची रोपे तयार करण्याच्या स्वयंचलित संचाला दोन तारे दिले आहेत. वीस बियांपैकी बाराच उगवल्या, आपण दहा दिवस बाहेरगावी जाऊन परत आलात तेव्हा त्यांतली सात रोपे बुंध्याशी पिचून आडवी पडली होती, उरलेली पाच लांबट आणि किडकिडीत झाली होती आणि कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, हिरवे शेवाळ धरले होते, असे आपण लिहिले आहे. शेवटी, “स्वयंचलित हा शब्द फसवा आहे,” असेही म्हटले आहे. आपण जोडलेली छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली. आपल्या तक्रारीतला बराचसा भाग खरा आहे आणि त्यातला सर्वांत गंभीर दोष आमच्याकडे येतो.

सात रोपे गेली ती रोपे कोलमडण्याच्या रोगाने. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे मातीतले रोगकारक जीव कोवळ्या खोडावर जमिनीलगत हल्ला करतात, तिथे खोड पाणीदार होऊन दोऱ्यासारखे बारीक होते आणि वरची पाने हिरवी असतानाच रोप आडवे होते. या रोगाला सतत ओले माध्यम आणि कोंडलेली हवा मानवते, आणि आमच्या संचात या दोन्ही गोष्टी आम्हीच पुरवल्या होत्या. टाकीतले पाणी वातींमधून अखंड वर चढत राहते. मोटार नाही, बिघडण्यासारखे काही नाही, म्हणून आम्ही ही रचना निवडली आणि महिनाभराच्या, भरपूर मुळे धरलेल्या रोपाला ती उत्तम मानवते. परंतु आठवडाभराच्या रोपाची मुळे इतकी थोडी असतात की ते पाणी त्याच्याने शोषले जात नाही, कोकोपीटचा वरचा थर कधी सुकतच नाही, आणि मग शेवाळ आणि त्यामागोमाग हा रोग येतो. त्यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे पाने किंचित हलतील इतकाच वारा देणारा लहान पंखा, आणि तो आम्ही आजवर वेगळा विकत होतो. रोप जगण्यासाठी जी वस्तू लागते ती ऐच्छिक म्हणून विकायला नको होती. यापुढे पंखा संचातच येईल आणि ज्यांनी आधी संच घेतला आहे त्यांनी खरेदीची पावती दाखवल्यास तो त्यांना विनामूल्य पाठवला जाईल.

खोक्यावर आम्ही “टाकी भरा आणि दहा दिवस निश्चिंत राहा” असे छापले होते. बीजदले, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पाने, सोडून रोप चार-सहा खऱ्या पानांचे झाल्यावर हे वाक्य खरे ठरते, पण उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते खरे नाही. आपण आमच्या शब्दावर विसंबून नेमक्या त्याच काळात बाहेरगावी गेलात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ते वाक्य आम्ही काढून टाकत आहोत.

उगवणीच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. आपण दिलेल्या आकड्यांनुसार साध्या लांब मिरचीच्या दहा बियांपैकी नऊ उगवल्या आणि हाबानेरोच्या दहापैकी तीनच, आणि चौदाव्या दिवशी आपण न उगवलेल्या आठ खणांतले माध्यम टाकून दिलेत. साधी मिरची, म्हणजे कॅप्सिकम अॅन्युअम, 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या माध्यमात साधारणपणे 7 ते 14 दिवसांत उगवते. हाबानेरो ही कॅप्सिकम चायनेन्स या वेगळ्या प्रजातीतली असून तिला दोन ते चार आठवडे सहज लागतात, काही बिया त्याहून उशिराही वर येतात. नऊ बिया वेळेवर उगवल्या याचा अर्थ थर्मोस्टॅट आणि ट्रेला ऊब देणारी गादी नीट काम करत होती. हाबानेरोच्या टाकून दिलेल्या सात बियांपैकी निदान काही पुढच्या पंधरवड्यात वर आल्या असत्या असे मला वाटते. आमच्या माहितीपत्रकात सगळ्या मिरच्यांना एकच मुदत दिली होती, म्हणून आपल्या घाईला आम्हीही कारण झालो आहोत.

रोपे लांबट होण्याचे कारण आपल्या छायाचित्रांतच दिसते. दिवा सर्वांत वरच्या कडीला, ट्रेपासून हातभर उंच आहे आणि गादी अजून 28 अंशांवर चालू आहे. बी रुजण्यासाठी ऊब हवी, उजेडाची गरज नसते. पण बीजदले उघडताच मागणी उलटते. भरपूर ऊब आणि अपुरा उजेड असला की रोप उजेडाच्या शोधात खोड ताणत जाते. टायमर दिवसाचे 16 तास अचूक मोजतो, पण दिव्याची उंची त्याला कळत नाही. ती हाताने बदलावी लागते, आणि आम्ही दिवा वरच्या कडीला अडकवूनच पाठवतो हे चुकलेच.

आता उरलेल्या पाच रोपांविषयी, कारण ती वाचवता येतील. वाती आजच काढून ठेवाव्यात. कोकोपीटचा वरचा थर फिकट दिसेपर्यंत आणि ट्रे उचलताना हलका लागेपर्यंत पाणी देऊ नये, नंतर खालच्या तबकात पाणी ओतून अर्धा तास शोषू द्यावे आणि राहिलेले पाणी ओतून टाकावे. गादी बंद करावी. रात्री 18 ते 20 अंश तापमान या रोपांना पुरते. झाकण पूर्ण काढावे आणि आमचा हा दिवा शेंड्यापासून 20 सेंटीमीटरवर आणावा. पाने वरच्या बाजूला वळू लागली किंवा फिकट पडली तर तो थोडा वर घ्यावा. ताणलेले खोड पुन्हा आखूड होणार नाही, पण नवी पेरे जवळजवळ येतील. खरी पाने दोन जोड्या झाल्यावर रोपे मोठ्या कुंडीत हलवताना बीजदलांपर्यंत खोल लावली तरी चालतील, मात्र टोमॅटोप्रमाणे मिरचीच्या खोडाला सहज मुळे फुटत नाहीत, म्हणून त्याहून खोल लावू नयेत. खत त्यानंतरच द्यावे आणि तेही पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव भाग.

आपल्या पत्त्यावर पंखा आणि दोन्ही वाणांच्या नव्या बिया याच आठवड्यात रवाना होत आहेत. एवढे करूनही संच ठेवायचा नसेल तर तो परत पाठवावा, पूर्ण रक्कम आपल्याला मिळेल. वाती काढल्यावर चार-पाच दिवसांनी त्या पाच रोपांचे बुंध्याजवळून घेतलेले छायाचित्र पाठवलेत, तर खोड सावरत आहे की नाही ते पाहून पुढचे पाणी कधी द्यावे हे मी स्वतः कळवेन.