उन्हातली गाडी, एसी आणि बेंझीन: त्या मेसेजचा हिशेब

ऊन तापायला लागलं की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘गाडीत बसल्याबरोबर एसी लावू नका. डॅशबोर्ड, सीट आणि एअर फ्रेशनरमधून बेंझीन हा कर्करोग करणारा वायू निघतो. सावलीतल्या बंद गाडीत तो दर चौरस फुटाला ४०० ते ८०० मिलिग्रॅम असतो. उन्हात, ६० अंश फॅरनहाइटच्या वर, तो २००० ते ४००० होतो, म्हणजे मर्यादेच्या चाळीस पट. यानं किडनी आणि लिव्हर खराब होतात. हे विष शरीराबाहेर टाकणं फार अवघड असतं.’

बेंझीन कर्करोग करतं, एवढं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवलंय. बाकीचं एकेक बघू.

आधी तो चौरस फूट. हवेतला वायू घनमीटरमागे मोजतात. चौरस फुटानं प्लॉट मोजतात. तरी मेसेजवाल्याचंच धरून चालू. गाडीचा तळ तीसेक चौरस फुटांचा. ४००० गुणिले ३० म्हणजे १२० ग्रॅम बेंझीन. आतली हवा साधारण तीन घनमीटर. हिशेब करा, साडेबारा हजार पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत साडेबारा हजार भाग बेंझीनच्या, आसपास येतं. दहा ते वीस हजार पीपीएम बेंझीन हुंगलं तर माणूस पाच-दहा मिनिटांत मरू शकतो. हा आकडा खरा असता तर मे महिन्यात मोंढ्याबाहेर उन्हात लावलेल्या गाड्यांतून कुणी जिवंत घरी आलं नसतं.

६० अंश फॅरनहाइट म्हणजे साडेपंधरा अंश सेल्सिअस. परभणीत डिसेंबरातली दुपारसुद्धा याहून उबदार असते. हा आकडा कुठल्या थंड मुलखातून आला आणि भाषांतर करणाऱ्यानं तो तसाच ठेवला, एवढंच त्यातून कळतं.

डॅशबोर्डमधून काहीच निघत नाही असं मात्र नाही. नव्या गाडीचा तो वास प्लॅस्टिक, गोंद आणि रेक्झिनमधून उडणाऱ्या रसायनांचाच असतो. २००७ साली म्युनिकच्या संशोधकांनी एक नवी आणि एक तीन वर्षं वापरलेली गाडी दिव्यांखाली ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आतली हवा तपासली. अशी सगळी रसायनं मिळून नव्या गाडीत घनमीटरला सुमारे ११ मिलिग्रॅम भरली, जुनीत एकाहून थोडी जास्त. त्या हवेनं पेशींना विषबाधा झालेली दिसली नाही. नव्या गाडीच्या हवेनं ॲलर्जी थोडी चाळवू शकते, एवढं दिसलं. तेव्हा काचा खाली करून गाडी जरूर निववा. तापलेल्या गाडीत लहान पोराला बसवून दुकानात जाऊ नका. तिथं जीव घेणारी गोष्ट उष्णता आहे.

किडनी-लिव्हरचा मुद्दा तर उलटाच आहे. बेंझीनचा खरा मार हाडांतल्या मगजावर, जिथं रक्त तयार होतं तिथं. लिव्हर बेंझीनचं रूपांतर करतं, त्यातून झालेली काही द्रव्यं मगजात पोचतात आणि रक्तपेशी घडवणाऱ्या मूळ पेशींना इजा करतात. बरंचसं बेंझीन श्वासातून आणि लघवीतून दोनेक दिवसांत बाहेरही पडतं. म्हणजे धोका ते अंगात साठून राहतं म्हणून नाही. रोज नव्यानं आत जात राहतं म्हणून आहे.

थोड्या वेळात भरपूर गेलं तर चक्कर, डोकेदुखी, गुंगी, छातीत धडधड, शेवटी बेशुद्धी. मोकळ्या हवेत आणलं की सौम्य त्रास बहुधा ओसरतो. वर्षानुवर्षं थोडंथोडं जात राहिलं तर मात्र सुरुवातीला डोकं दुखत नाही, काहीच जाणवत नाही, आणि आत लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट घटत जातात. पुढे ॲप्लास्टिक ॲनिमिया (मगजात पुरेसं रक्तच तयार होत नाही तो आजार) किंवा रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, विशेषतः तीव्र मायलॉइड ल्युकेमिया. पाच मिनिटांच्या एसीनं हे होत नाही.

मग रोज कुणाच्या अंगात जातं? बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या, हे पहिलं. दुसरं पेट्रोल. भारत स्टेज सहाच्या पेट्रोलमध्येही बेंझीन एक टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे लिटरमागे दहा मिलिलिटर. वाळूजपासून किनवटपर्यंत कुठल्याही गॅरेजात बघा: मेस्त्री कार्ब्युरेटर पेट्रोलात धुतो, हात त्यातच धुतो आणि तसाच चहा घेतो. बेंझीन कातडीतूनही आत जातं, पण मुख्यतः श्वासातून. गावात पानटपरीवर पाण्याच्या बाटलीत पेट्रोल विकणारा दिवसभर त्या वाफेतच बसतो. अशा कामाच्या माणसाला थकवा सुटत नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा न लागता काळेनिळे डाग पडत असतील, तर डॉक्टरांना आपलं काम सांगून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्यावी. साधी, स्वस्त तपासणी आहे. आणि गाडीत बेंझीन कमी करायचं असेल, तर एसीपेक्षा आधी डिकीतला पेट्रोलचा कॅन बाहेर काढा.

तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढायची सवय तर सगळ्यांत वाईट. ते पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. ठसका थांबला, बरं वाटतंय, असं म्हणाला तरी सरळ दवाखान्यात न्या.