पैठणला जहाजांचं दालन हवं

जहाजांचं दालन पैठणला व्हायला पाहिजे असं मी म्हटलं की आमच्याकडची माणसं आधी हसतात. साहजिक आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा आपला मुलूख, आणि समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. पण मी चेष्टा करत नाही. मुंबईतलं एक सागरी संग्रहालय बघून आल्यापासून हे डोक्यातून जात नाही.

संग्रहालय झकास होतं, हे आधीच सांगतो. गुराब, गलबत, शिबाड, मचवा, पडाव अशी जी नावं आपण फक्त शिवकाळाच्या धड्यात वाचली, त्यांच्या लाकडी प्रतिकृती ओळीनं मांडलेल्या. गुराब म्हणजे शिडाचं मोठं लढाऊ जहाज, गलबत त्याहून छोटं, वल्ह्यांवरही चालणारं; ही दोन्ही शेजारी शेजारी बघितल्यावर मुंबईजवळच्या खांदेरी बेटाची लढाई मला पहिल्यांदा नीट कळली. १६७९ साली इंग्रजांची मोठी जहाजं बेटाला वेढा घालून उभी होती, आणि मराठ्यांच्या उथळ बुडाच्या छोट्या नावा रात्री वल्ही मारत त्यांच्या मधून निसटून बेटावर रसद पोचवत होत्या. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागचं हलत नाही, वल्ह्याची नाव मात्र चालते. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर इतिहासात चार मार्क जास्त पडले असते.

खटकला तो भिंतीवरचा नकाशा. प्राचीन व्यापाराचा. भडोच, सोपारा, कल्याण, चौल, सगळी बंदरं ठळक ठिपक्यांनी दाखवलेली, तिथून अरबस्तानाकडे आणि तांबड्या समुद्राकडे बाण गेलेले. आणि किनाऱ्याच्या आत? कोरा पिवळा रंग. जणू माल बंदरावरच उगवत होता आणि जहाजात चढत होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं या सागरी वाटांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते, लिहिणाऱ्याचं नाव मात्र टिकलेलं नाही. भडोचविषयी लिहिताना हा दर्यावर्दी माणूस मध्येच जमिनीवर येतो. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर, असं तो सांगतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांत भरून भडोचला येते, हेही त्यानं नोंदवलंय. परदेशी माणसाला दोन हजार वर्षांपूर्वी दिसलेलं आपल्या नकाशा काढणाऱ्याला दिसू नये, याला काय म्हणावं!

तेर म्हटलं की आपण गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातो, आणि जायलाच पाहिजे. पण तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय किती जणांनी बघितलंय? गावातल्या एका माणसानं आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंमधून ते उभं राहिलं. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली बघा. तशाच घडणीची एक बाहुली इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या राखेत १९३८ साली सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, म्हणजे बाहुली त्याआधीच तिकडे पोचली होती. अशा घडणीचं हस्तिदंती काम जालन्याच्या भोकरदनलाही निघालं. पॉम्पेईची बाहुली नेमक्या कुठल्या गावात कोरली यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. आपल्या भागातली कारागिरी आणि रोमकडे जाणारी जहाजं यांचं नातं त्यानं लपत नाही.

राजेही समुद्र ओळखून होते. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजांच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. ही नाणी पूर्व किनाऱ्याकडे सापडतात. पण पुळुमावीची राजधानी म्हणून टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानं नाव घेतलंय ते पैठणचं.

आता अजिंठा. दोन नंबरच्या लेण्यात पूर्णाची कथा रंगवलेली आहे. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी, पुढे भिक्षू झालेला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रावर जातो, वादळात सापडतो आणि पूर्ण त्याला वाचवतो. कथा कोकणच्या बंदरातली आणि चित्र वाघूरच्या कड्यात. त्या चित्रात तीन शिडांचं एक जहाज आहे, सुकाणूच्या जागी मोठी वल्ही आहेत, मागच्या बाजूला रांजण मांडलेत. समुद्रापासून इतक्या लांब बसून पाचव्या शतकातल्या चित्रकारानं शिडं आणि वल्ही अशी नेमकी रंगवली, तर त्यानं जहाज बघितलं असणार किंवा बघितलेल्या माणसाला शेजारी बसवून काढलं असणार. हे माझं मत. त्या गुंफांना दान देणाऱ्यांत व्यापारीही होते, हे त्याच्या जोडीला ठेवा.

आणि ते चित्र आता पाण्यावर उतरलंय! नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलं. चित्र म्हणजे काही आराखडा नव्हे, लांबी-रुंदीची मापं त्यात कुठून असणार? ती बसवायला आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृती पाण्यात सोडून चाचण्या घेतल्या. जहाज बांधलं गोव्यात, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. गोधडी शिवावी तशा काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवल्यात आणि भेगा राळेनं बुजवल्यात. शिवलेलं जहाज लाटेच्या माराला थोडं लवतं, वाळूवर ओढलं तरी लगेच तडकत नाही. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, आणि वर्ष संपता संपता इंजिनाशिवाय पोरबंदरहून मस्कतला निघालं. टीव्हीवर दोन दिवस कौतुक झालं. आमच्या संभाजीनगरात मात्र मला एकही फलक दिसला नाही की बाबांनो, हे जहाज आपल्या जिल्ह्यातल्या भिंतीवरून उतरलंय.

कुणी म्हणेल, इथं समुद्र नाही तर दालन कशाला? नदी आहे ना. गोदावरीच्या घाटांवर भोई समाजानं पिढ्यानपिढ्या माणसं आणि माल पार केला. भोपळ्यांची सांगड, गुळाच्या काहिलीत बसून ओढा ओलांडणं, लाकडी नाव, हे सगळं आपल्या आजोबा-पणजोबांनी केलंय. त्यातली एक तरी नाव कुठं जपून ठेवलेली आहे का? जायकवाडीत १९७६ नंतर एवढं पाणी साठलं, पण त्या नाथसागरावर मासेमार थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात. २०२३ साली तर त्याच पाण्यातून लेकरं थर्माकोलवर बसून शाळेत जातात अशी बातमी आली आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तिची स्वतःहून दखल घेतली. जहाजांच्या इतिहासावर लिहिताना हे मध्येच का काढलं म्हणाल. पण एकेकाळी परदेशी जहाजांना माल पुरवणाऱ्या पैठणचा परिसर हा, आणि तिथल्या लेकराला एक धड नाव मिळत नाही. इतिहासाचे गोडवे गाताना एवढं तरी टोचलं पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. पैठणला बाळासाहेब पाटील संग्रहालय आहेच, नवी इमारत कोण मागतंय? त्यात एक दालन द्या. अजिंठ्याच्या जहाजाची हाताएवढी प्रतिकृती, जहाजाच्या नाण्याचा मोठा केलेला फोटो, तगर-पैठण-भडोच वाटेचा नकाशा आणि गोदावरीवरची एक खरी नाव. त्या नावेशेजारी एक बैलगाडी उभी करा, कारण आपल्या भागाचा समुद्रप्रवास चाकांवरून सुरू व्हायचा. आणि माहिती सांगायला भोई वाड्यातला कुणी जुना जाणता माणूस मानधनावर ठेवा. पीएचडीवाला दुसरा ठेवा हवं तर.

तोवर एक काम आपल्याला करता येईल. गंगाकाठच्या मंडळींनो, पैठण, शहागड, गंगाखेड, नांदेड, तुमच्या घाटावर कोणती नाव चालायची, कोण बांधायचं, लाकूड कोणतं, फुटली तर डागडुजी कशी करायचे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून इथं लिहा. जुना फोटो असेल तर टाका, अंधूक असला तरी चालेल.