साडी नेसणाऱ्या सिस्टर ‘खोट्या’ ठरत नाहीत

ठाण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. काळा झगा आणि पांढरी पट्टी हा व्हॅटिकनने जगभरच्या नन्ससाठी ठरवलेला एकच गणवेश आहे, तो शतकानुशतके बदललेला नाही आणि म्हणून साडी किंवा सलवार-कमीज घालणाऱ्या सिस्टर खऱ्या नसून लोकांना भुलवण्यासाठी त्यांनी वेश पालटला आहे, असे त्यात म्हटले आहे. शाळांत आणि रुग्णालयांत उभे आयुष्य वेचणाऱ्या स्त्रियांवर हा उघड संशय आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

एकच गणवेश असल्याचे विधान मुळातच चुकीचे आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ६६९ वा नियम एवढेच सांगतो की, व्रतस्थांनी, म्हणजे व्रत घेतलेल्या साधू-साध्वींनी, आपापल्या संस्थेच्या नियमांनुसार ठरलेला पोशाख समर्पणाची खूण आणि दारिद्र्यव्रताची साक्ष म्हणून वापरावा. रंग किंवा शिवण यांचा त्यात उल्लेख नाही. संस्थेच्या घटनेला रोमची अथवा स्थानिक बिशपांची मान्यता लागते हे खरे, परंतु त्यातून सर्वांना एकच वस्त्र लागू होत नाही. व्रतस्थांच्या वेगवेगळ्या संघांपैकी बेनेडिक्टाइन काळे, कार्मेलाइट तपकिरी, तर डॉमिनिकन पांढरे वस्त्र वापरत आले आहेत. आपल्या ठाण्यातच १३२१ मध्ये मारले गेलेले चार व्रतस्थ कमरेला दोर बांधणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाचे होते आणि त्यांचे दफन करणारे जॉर्डनस डॉमिनिकन संघाचे होते.

हा पोशाख कधी बदलला नाही, हे तर इतिहासाच्या अगदी उलट आहे. व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईझ दे मारिलाक यांनी १६३३ मध्ये फ्रान्समध्ये ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ स्थापन केली, तेव्हा या स्त्रिया मठाच्या भिंतीआड न राहता गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणार असल्यामुळे त्यांनी पॅरिसच्या आसपासच्या सामान्य ग्रामीण स्त्रियांचेच कपडे स्वीकारले. त्याच वेशातील शिरोवस्त्र पुढे खळ देऊन पंखांसारखे पसरट झाले, संस्थेची ओळख बनले आणि कामात अडचणीचे ठरू लागल्यावर १९६४ मध्ये संस्थेनेच ते सोडून दिले. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने व्रतस्थ जीवनाविषयीच्या आदेशात स्पष्ट केले की पोशाख साधा, शालीन, आरोग्याला मानवणारा आणि स्थळ, काळ व सेवाकार्याला अनुरूप असावा, आणि तसा नसेल तर तो बदलावा.

राहिला साडीचा आक्षेप. मदर तेरेसा यांनी आपल्या आधीच्या, लोरेटो भगिनींच्या संस्थेबाहेर राहून काम करण्याची रोमची परवानगी घेतली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये निळ्या काठांची स्वस्त पांढरी साडी अंगीकारली, म्हणजे परिषदेच्या त्या आदेशाच्या सतरा वर्षे आधी. त्यांच्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संस्थेला ७ ऑक्टोबर १९५० रोजी चर्चची मान्यता मिळाली. या साड्या कोलकात्याजवळच्या टिटागढ येथील संस्थेच्या केंद्रात कुष्ठरुग्ण विणत आले आहेत. ज्या प्रदेशात सेवा करायची तेथील गरीब स्त्रीसारखे राहायचे, हीच सतराव्या शतकातील फ्रेंच भगिनींची रीत होती, आणि म्हणूनच साडीला परंपरेपासूनची फारकत म्हणता येत नाही. सलवार-कमीजलाही हाच न्याय लागू होतो.

वेश पालटून ओळख लपवण्याचा आरोप तर साध्या निरीक्षणानेही टिकत नाही. मदर तेरेसांच्या भगिनी डाव्या खांद्यावर क्रूस लावतात आणि साडी नेसणाऱ्या इतर अनेक संस्थांच्या सिस्टरांच्या गळ्यातही तो सर्वांना दिसेल असाच असतो.