बर्फावर वरणभात मागण्याची रीत

परदेशात स्कीइंगच्या टूरला निघालात, छान झालं. आता बूट, थर्मल, व्हिसा असल्या किरकोळ गोष्टी पोरांवर सोपवा आणि टूरच्या ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारा, 'जेवणाचं काय?' हा प्रश्न खुर्चीत टेकायच्या आधी विचारायचा असतो. समोरची मुलगी ऑस्ट्रियाचा नकाशा उघडून उतार समजावत असेल, निळा शिकाऊंचा, लाल जरा सरावलेल्यांचा, काळा पट्टीच्यांचा. तिला बोलू द्या. मान डोलवा. तिचं झालं की म्हणा, 'ते सगळं बरोबर आहे ओ, पण संध्याकाळी गरम भात मिळंल न्हवं?' मिळेल, असं ती म्हणणारच. तिथे न थांबता 'कसला भात?' हेही विचारून घ्या. भात चिकट निघाला तर माणशी भरलेले लाखो रुपये बर्फात गेले म्हणून समजायचं.

मग सामान. विमानवाल्याने २३ किलो दिले असतील तर त्यातले निम्मे खाण्याचे. भडंगाशिवाय सांगलीकर उंबरा ओलांडत नाही, तेव्हा ते आलंच. भडंग वजनाला हलकं पण जागा फार खातं, म्हणून लोकरीचे मोजे बाहेर काढा. तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, उपम्याची पाकिटं. लोणचं केबिन बॅगेत नेऊ नका असं सगळे सांगतील, कारण १०० मिलीच्या वरची ओली वस्तू विमानात हाताशी ठेवू देत नाहीत. तुम्ही ठेवून बघा. तपासणीच्या रांगेत कैरीच्या फोडी द्रवात मोडतात की घनात, यावर तुमची जी चर्चा होईल ती पूर्ण टूरमधली तुमची सर्वांत लांब इंग्रजी चर्चा असेल.

साताऱ्याची मेहुणी निरोपाला कंदी पेढ्यांचा खोका घेऊन येणार, तोही बॅगेत भरा. नियम असा आहे की बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात दूध-मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, स्वित्झर्लंडचंही तेच. पण आपले पेढे मंद आचेवर भाजलेले, साताऱ्याचे. 'हे पेढे साधे नव्हेत' हे कस्टमच्या माणसाला समजावून सांगणं आपलं कर्तव्य आहे. तो ऐकणार नाही. मग फेकून द्यायच्या ऐवजी ग्रुपमधल्या सगळ्यांनी तिथल्या तिथे, त्याच्यासमोर, खोका संपवायचा. परक्या भूमीवरचं तुमचं हे पहिलं जेवण असतं आणि शेवटपर्यंत त्याच्यावर कुणाची तक्रार नसते.

हॉटेलात पोचलात की दोन गोष्टींनी तुमचं डोकं फिरलं पाहिजे. पहिली, जेवणाची वेळ. स्कीच्या गावांत हाफ बोर्ड असतो, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण पॅकेजमध्ये. आणि संध्याकाळचं जेवण बहुतेक ठिकाणी साडेसहा-सातला सुरू होतं. 'साडेसहाला आमच्याकडं चहा हुतो' हे वाक्य इथे खड्या आवाजात टाकायचं. दुसरी, पाणी. जेवण पॅकेजमध्ये आहे, टेबलावरच्या बाटलीतलं पाणी नाही. खोलीतल्या नळाला डोंगरातलं झऱ्याचं पाणी येतं, ते बिनधास्त प्यायचं असतं, हे टूर मॅनेजर पहिल्याच दिवशी सांगतो. विश्वास ठेवू नका. कृष्णेकाठच्या माणसाने नळाच्या पाण्यावर असा आंधळा विश्वास ठेवायचा नसतो.

आणि मग ती चिठ्ठी. नाश्त्याच्या टेबलावर, लोण्याच्या वाटीशेजारी, बोटभर कागद ठेवलेला असतो. रात्रीच्या मुख्य पदार्थाचे तीन पर्याय, पुढे चौकोन, बरोबरची खूण करून परत द्यायचा. वर श्नित्झेल म्हणजे मांसाचा तळलेला पातळ काप, मधे ट्राउट मासा, खाली शाकाहाऱ्यांसाठी केझेश्पेट्झले. या कागदाला सकाळच्या पारी हात लावायचा नाही. चष्मा खोलीत राहिलाय म्हणा. टूर मॅनेजर, पंचविशीचा पोरगा, टेबलाटेबलांवरून पळत असतो: 'काका, खाली टिक करा ना, स्वयंपाकघरात आकडा द्यायचाय.'

'त्यात काय असतंय?'

'पिठाचे बारीक गोळे, चीजमध्ये घोळलेले. वर तळलेला कांदा.'

'आणि अंडं?'

इथे पोरगा एक क्षण छताकडे बघतो. त्या पिठात अंडं असतं, हे त्याला ठाऊक आहे. त्यांच्याकडे अंडं शाकाहारात बसतं, हेही. 'पीठ मळताना थोडंसं,' तो म्हणतो. काकू काकांकडे बघतात, काका खिडकीबाहेरच्या बर्फाकडे. काल विमानतळावर काकूंनी जी पेस्ट्री दोनदा घेतली तिचा विषय कुणी काढत नाही. शेवटी काका तिन्ही चौकोन रिकामे सोडून कागदाच्या मागे मराठीत लिहितात: दोन वरणभात, एक साधं वरण.

कागद स्वयंपाकघरात जातो. पुढे काय होतं ते कळत नाही, पण रात्री काकांसमोर येतो गेर्मक्नोडेल. वाफवलेला, हातभर फुगलेला पिठाचा गोळा, पोटात प्लमचा जॅम, अंगावर वितळलेलं लोणी आणि खसखस-साखर. तिथले लोक तो जेवण म्हणून खातात. आता तुम्ही भडकायचं. 'जेवायला गोड? आम्ही काय ल्हान पोरं हाय?' कुणी आगाऊ म्हणेल की होळीला आपणही पुरणपोळीच जेवतो. त्याला लगेच गप्प करा: पोळीबरोबर कटाची आमटी असते. यावर ऑस्ट्रियाकडे उत्तर नाही.

चीजचं प्रकरण जरा बारकाईने हाताळावं लागतं. आल्प्समधली ही खेडी पर्यटक येईपर्यंत गरीब होती. उन्हाळ्यात गायी वरच्या कुरणांवर, हिवाळ्यात सगळं गाव बर्फाखाली. दूध टिकवायचं तर त्याचं चीज करायचं आणि शिळ्या पावाबरोबर, बटाट्याबरोबर सहा महिने तेच खायचं. आपल्याकडे भाकरी-ठेचा मोठ्या हॉटेलात मातीच्या ताटलीत येऊन महाग झाला, तसंच तिकडे चीजचं झालं. फोंड्यूला, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजला, राष्ट्रीय पदार्थ म्हणून घरोघरी पोचवलं ते १९३०च्या दशकात स्विस चीज विकणाऱ्या संघाने, खप वाढवायला. हे तुम्हाला कळलं तर तुम्हाला त्या पदार्थाबद्दल आपुलकी वाटायला लागेल, आणि ते टाळायचंय. म्हणून फोंड्यूच्या भांड्याभोवती बसलात की पाव बुडवा, खा, परत बुडवा, आणि मधेच विचारा, 'ह्यात नक्की काय काय असतंय?' पट्टीचा टूर मॅनेजर भांडं रिकामं झाल्यावरच सांगतो की चीज पांढऱ्या वाइनमध्ये वितळवलेलं होतं, वर चेरीची कडक दारू होती, आणि पारंपरिक ग्रुयेर चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बांधतात. आधी सांगणारा नवशिका. हे ऐकल्यावर सगळ्यांनी दोन मिनिटं हळहळायचं आणि भांड्याच्या बुडाशी धरलेली खरपूड कुणाला मिळणार याकडे तिरका डोळा ठेवायचा.

भाताबद्दल एक शास्त्रीय सूचना. हॉटेलवाला म्हणेल, उंचीमुळे भात टणक राहतो. पाणी कमी तापमानाला उकळतं. खरं आहे, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी होतो. पण ऑस्ट्रियातल्या ज्या सेंट अँटोनमध्ये तुम्ही उतरलात, जिथे १९०१ साली लोकांनी स्की क्लब काढला, ते गाव १३०४ मीटरवर आहे. आपलं महाबळेश्वर साधारण १३५०. महाबळेश्वरात आपण कच्चा भात खातो काय? मुद्दा बिनतोड आहे, वेटरला नक्की सांगा. तो क्रोएशियाचा असेल, हंगामापुरता आलेला, तरी सांगा. (स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखवर गोष्ट वेगळी. ते रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर, १९१२ पासून गाडी वर जाते, आणि तिथे पाणी नव्वद अंशाच्या आतच उकळतं. कुकरशिवाय तूरडाळ शिजायची नाही. तरी तिथे बॉलिवूड नावाचं भारतीय रेस्टॉरंट उभं राहिलं. बर्फ बघायला वर गेलेल्या माणसाला राजमा लागतो, हे स्विस लोकांनी आपल्या टूरवाल्यांइतक्याच चटकन ओळखलं.)

खोलीत स्वयंपाक करायला मनाई असते. किटली चहासाठी दिलेली असते. तिच्यात खिचडी शिजते का, तर शिजते. फक्त पुढच्या पाहुण्याच्या चहाला हिंगाचा वास येतो. फोडणी मात्र करू नका. धुराचा अलार्म वाजला की सगळं हॉटेल रात्रीच्या कपड्यांत बर्फात उभं राहतं आणि बंब आला तर त्याचं बिल तुमच्या नावावर निघू शकतं.

पैसे जास्त असतील तर महाराज बरोबर असलेली टूर घ्या. महाराज पहाटे हॉटेलच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा ताब्यात घेतो, मोहरी तडतडते, आणि शेजारच्या टेबलावरचं डच कुटुंब नाकाला रुमाल लावून की तोंडाला पाणी सुटून बघतंय ते नीट कळत नाही. तुम्हाला पोहे, उपमा, बटाट्याची भाजी मिळते, बटाटा तिथलाच. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर महाराज मागे ऑस्ट्रियन आचाऱ्यासोबत स्टुलावर बसतो आणि पावाचे तुकडे मोडून मोडून त्यांचं कांद्याचं सूप पितो. हे बघितलं तर बघितलं नाही असं करा.

आता तुम्ही विचाराल की एवढं कशासाठी? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी दुसऱ्या मजल्याला टेकलं तेव्हा हीच माणसं बोटीतून आलेलं फूड पॅकेट उघडून गार पुरी-भाजी मुकाट खात होती, देणाऱ्याला हात जोडत होती. हीच माणसं सांगली-मिरज रस्त्यावरच्या कार्यालयात लग्नाला गेली की वरणभाताच्या टेबलाकडे ढुंकून बघत नाहीत आणि लाइव्ह पास्त्यासमोर वीस मिनिटं रांगेत उभी राहतात. मग इटलीच्या सरहद्दीपासून तासा-दोन तासांवर येऊन वरण कसं आठवतं?

ते नीट समजून घ्या, टूरचं सगळं गणित इथे आहे. परत आल्यावर विश्रामबागच्या कट्ट्यावर तुम्ही 'जेवण झकास होतं' म्हणालात तर पाच-सहा जण एकदम तुमच्याकडे वळून बघतील. झकास होतं म्हणजे? काय खाल्लंस मग? दुसऱ्या दिवशी ही बातमी सोसायटीत, तिसऱ्या दिवशी सासुरवाडीला. उलट 'जेवणाचे लई हाल झाले, आठ दिवस भडंगावर काढले' म्हणालात की तुमचा शाकाहार शाबूत, धर्म शाबूत, आणि वर तुम्ही सोसलं म्हणून चहा दुसऱ्याने पाजायचा. आल्प्समध्ये जाऊन खाणारा खुशाल सगळं खातो. बोलताना उपाशी राहिलेला असला म्हणजे झालं. हाल झाले नाहीत त्या टूरला कुणी टूर म्हणत नाही, ती नुसती सुट्टी.

आणि आपण एकटेच असे आहोत असं मानून लाजू नका. इंग्रज लोक शॅलेमध्ये, म्हणजे डोंगरातल्या लाकडी घरात, उतरतात तेव्हा स्कीवरून परतल्यावर चहाबरोबर घरचा केक लागतो, आणि तो नसला तर त्यांचीही तोंडं वाकडी होतात. हिवाळी पर्यटनाची सुरुवातच मुळी हॉटेलवाल्याच्या नाक घासण्यातून झाली. १८६४ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या योहानेस बाडरुटने उन्हाळ्यातल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली असं सांगतात: हिवाळ्यात येऊन बघा, नाही आवडलं तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले आणि वसंत येईपर्यंत हललेच नाहीत. बिचाऱ्याचं नशीब थोर, पाहुण्यांत मिरजेचं कुणी नव्हतं.

शेवटच्या रात्री टूर मॅनेजर अभिप्रायाचा फॉर्म वाटेल. जेवणाच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहा, अक्षर ठळक काढा, जागा पुरली नाही तर मागे जा. हॉटेलच्या आचाऱ्याकडून त्या गोड गोळ्याची कृती काकूंनी वहीत उतरून घेतली असेल तर ती वही आधी बॅगेत तळाशी घाला. बर्फाच्या रकान्यात 'ठीक'. स्कीइंगच्या रकान्यात काय लिहायचं हे बाजूच्या पोरांना विचारा. शिकवणीचा वर्ग रोज दहाला सुरू व्हायचा आणि तुम्ही तेव्हा दुपारच्या जेवणाचं ठरवण्यात गुंतला होता.